विज्ञान शिकवण्याचे प्रयोग आणि भाषेचा प्रश्न

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. आजूबाजूला गॅरेजं आहेत. आमच्या उर्दू शाळेतली काही मुलं शाळा सुटली की तिथंच वडिलांच्या नाहीतर मामूंच्या हाताखाली उभी राहतात. आठवीतल्या अशाच एका मुलाला मी विचारलं, जुन्या टेम्पोचं इंजिन इतकं तापतं कशानं? तो म्हणाला, “रेडिएटर चोकअप है सर, पानी फिरताच नहीं, तो गरम होयेंगाच.” उत्तर बरोबर होतं. सहामाहीच्या पेपरात मात्र ‘हरारत की मुंतक़िली’वरचा प्रश्न त्यानं कोरा सोडला. त्याच्या घरी ‘गर्मी’ असते. ‘हरारत’ म्हणजे अंगातली कणकण, जिच्यावर अम्मी काढा देते.

मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. पण तो कोरा पेपर पाहिल्यापासून मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो. हाच कोरा पेपर पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कुणीतरी गंभीरपणे वाचला होता, हे तेव्हा कळलं.

१९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. संस्थापक-संचालक होते भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी. अणू आणि मूलकणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं पाचवी-सातवीच्या वर्गात डोकवावं, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट. केंद्रानं पहिल्याच काही वर्षांत आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये काम केलं. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतली, दलित वस्त्यांमधली मुलं निवडून त्यांना शाळेच्या वेळेबाहेर विज्ञान आणि गणित शिकवलं. ही मुलं मुळात कमी पडत नाहीत, अडतं ते दुसरीकडेच, हे त्यांना दाखवायचं होतं. मुलांचे दहावीचे निकाल पाहता ते दिसलंही.

अडतं कुठे, याचं त्यांना सापडलेलं एक उत्तर होतं पाठ्यपुस्तकाची भाषा. माध्यम मराठी, मुलं मराठी, तरी पुस्तकातली मराठी त्यांची नव्हती. मग केंद्रानं विज्ञानाचा मजकूर सोप्या मराठीत पुन्हा लिहून पाहिला. विज्ञान तेच ठेवलं, वाक्यं बदलली. मुलांना विषय अधिक समजू लागला, एवढंच नव्हे तर वर्गात बोलणंही वाढलं. मला यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. गप्प बसलेलं पोर प्रश्न विचारू लागलं, तर प्रयोगाचं साहित्य नंतर आलं तरी चालतं.

ही जाण त्याहून जुनी आहे, आणि ती मराठी-उर्दू दोन्हीकडे होती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं ते मराठी वाचकाला भूगोल आणि पदार्थविज्ञान मराठीतून कळावं म्हणून. सर सय्यद अहमद खानांनी १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी स्थापली आणि इंग्रजी पुस्तकांचे उर्दू तर्जुमे सुरू केले. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथं उच्च शिक्षण उर्दूतून होतं आणि शब्द घडवायला स्वतंत्र दारुल-तर्जुमा होता. मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू तेव्हा औरंगाबादेत होती. अंजुमननं ‘सायन्स’ नावाचं उर्दू नियतकालिक काढलं १९२८ मध्ये. त्याच वर्षी ‘सृष्टिज्ञान’ हे मराठी विज्ञान मासिक सुरू झालं. आपल्याकडे उर्दू म्हटलं की गझल आणि मुशायरा एवढंच आठवतं. आमचे उर्दूवालेही याला जबाबदार आहेत, असो.

पण एक दोष सांगितलाच पाहिजे. या बुजुर्गांनी शब्द घडवले ते अरबी-फारसीतून, मराठी पंडितांनी संस्कृतातून. दोघांनी मेहनत केली, पण गॅरेजवाल्याला, विणकराला कुणी फारसं विचारलं नाही. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणारा माणूस गिअर आणि पट्ट्याबद्दल रोज बोलतो. त्याचे शब्द पुस्तकात आलेच नाहीत.

हाताच्या कामातून शिकवण्याचा प्रयत्न डॉ. श्री. शं. कलबाग यांनी केला. हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती हे सगळं तिथं शिक्षणाचं साधन झालं. मुलांनी आधी वस्तू बनवायची आणि त्यातलं विज्ञान कामातून समजून घ्यायचं. आमच्या आठवीतल्या पोराला ही शाळा जन्मतःच मिळालेली आहे. फक्त त्याचे कोणी मार्क देत नाही.

२०१६ पासून केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजना आली. निवड झालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचं साहित्य. मी विरोधात नाही. मिळालं तर आनंदानं घेऊ. पण एका शाळेत पाहिलेली अशी लॅब आठवते. साहित्य कपाटात आणि माहितीपुस्तिका इंग्रजीत. दाखवायला आणलेल्या उर्दू माध्यमाच्या मुली हात मागे बांधून उभ्या होत्या. दहावीपर्यंत ‘कसाफ़त’ शिकलेल्या या मुलींना अकरावी सायन्सला तीच गोष्ट ‘डेन्सिटी’ म्हणून भेटते. मराठीच्या माझ्या तासाला मी ‘घनता’ म्हणतो. एकाच गोष्टीची तीन नावं, आणि ती एकच आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून या वर्षी मराठीच्या तासाला एक वही सुरू केली आहे. चार रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी आणि चौथा ‘घरात किंवा गॅरेजमध्ये काय म्हणतात’. विज्ञानाच्या मॅडमही आता त्यात भर घालतात. मुलं चौथा रकाना सर्वांत आधी भरतात. परवा त्या आठवीतल्या मुलानं ‘हरारत’समोर ‘गर्मी’ लिहिलं, मग थांबून विचारलं, “सर, बुखारवाली हरारत बी येहीच है क्या?” मी त्याला मॅडमकडे पाठवलं.