न वाचता येणारे चरित्र : खरकसिंग खटला आणि खासगीपणाचा हक्क

पोलीस दप्तरातील ‘हिस्टरी शीट’ हा शासनाने निर्माण केलेला एक चमत्कारिक लेखनप्रकार आहे. त्याला चरित्र म्हणावे, तर ते चरित्रनायकापासूनच दडवलेले असते. निवाडा म्हणावे, तर त्यापूर्वी सुनावणी झालेली नसते. अशा लेखनाचा नागरिकाच्या स्वातंत्र्याशी असलेला संबंध सर्वोच्च न्यायालयाने खरकसिंग खटल्यात तपासला.

१९४१ मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात खरकसिंगला गोवण्यात आले. पुराव्याअभावी त्याची सुटकाही झाली. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाचे हिस्टरी शीट उघडले. उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीच्या २३६ व्या नियमानुसार अशा व्यक्तीच्या घरावर गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन पाहणी, जाण्यायेण्याची खबर आणि लौकिक, सवयी, संबंध, उत्पन्न, खर्च व व्यवसाय यांची नियतकालिक चौकशी करता येत असे. चौकीदार व शिपाई रात्री दार ठोठावून झोपेतून उठवतात, अशी खरकसिंगची तक्रार होती.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला. बहुमताने रात्रीची पाहणी तेवढी घटनाबाह्य ठरवली. खासगीपणा हा राज्यघटनेने हमी दिलेला हक्क नसल्याने उरलेली पाळत वैध मानली. या निर्णयात एक अंतर्विरोध होता. घराच्या उंबरठ्याला संरक्षण मिळाले. उंबरठ्याबाहेर पडलेल्या माणसाला मात्र ते नाकारले गेले. न्या. सुब्बा राव यांनी न्या. शहा यांच्यासह दिलेल्या अल्पमतात संपूर्ण नियमच अवैध ठरवला. पाळतीखालील हालचाल ही मुक्त हालचाल नव्हे, कारण बंधन शरीरावर नसले तरी मनावर असते, हे त्यामागील प्रतिपादन होते.

हा विचार मान्य होण्यास जवळजवळ ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले आणि १९६२ च्या निर्णयातील विरुद्ध भाग रद्दबातल ठरवला. हा हक्क निरपवाद नाही. परंतु त्यावर मर्यादा घालताना कायद्याचा आधार, न्याय्य हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या शासनाला पार कराव्या लागतात.

हिस्टरी शीट मात्र त्यानंतरही चालू राहिले. दाराची थाप न्यायालयाला १९६२ मध्येच ऐकू आली होती. दप्तरात निःशब्दपणे चालणाऱ्या लेखणीची दखल घेणे अधिक अवघड ठरले. संशयाने आरंभ झालेले हे चरित्र कोणी, कोणत्या अधिकाराने लिहावे आणि ते केव्हा संपवावे, हाच या इतिहासाने मागे ठेवलेला प्रश्न आहे.