लाल डगलेवाले

'आत्मबल श्रेष्ठ की बाहुबल?' हा शाळेतल्या वादविवाद स्पर्धांचा लाडका विषय. त्यात आत्मबलाच्या बाजूने हमखास वर्गातला सगळ्यात काडीपैलवान मुलगा उभा राहायचा आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, "याला दुसरं काय जमणार!" टोमणा असला तरी त्यातली शंका खरी आहे. ज्याच्या मनगटात जोरच नाही त्याने हात उचलला नाही, तर त्याला अहिंसा म्हणायचं की नाइलाज?

म्हणून आज अशा लोकांबद्दल लिहितोय ज्यांच्या मनगटाबद्दल खुद्द इंग्रजांनाही शंका नव्हती. वायव्य सरहद्द प्रांतातले पठाण.

पठाणांचा एक अलिखित कायदा आहे, पख्तुनवली. त्यात पाहुणचार आहे, आसरा देणं आहे, आणि 'बदल' म्हणजे सूडही आहे. आजोबाचं वैर नातवाने फेडायचं. अशा मुलखात पेशावरजवळच्या उत्मानझाई गावात १८९० साली खान अब्दुल गफारखान जन्मले. सहा फुटांच्या वर उंची, सधन घर. इंग्रजी फौजेत अधिकारी व्हायची संधी चालून आली होती. पण एका इंग्रजाने फौजेतल्या पठाण अधिकाऱ्याचा अपमान केलेला त्यांनी पाहिला आणि ती नोकरी नको म्हणून मोकळे झाले. मग गावोगाव हिंडून शाळा काढल्या. १९२९ मध्ये 'खुदाई खिदमतगार' ही संघटना उभी केली. खुदाई खिदमतगार म्हणजे देवाचे सेवक. शपथ साधी होती: सूड घेणार नाही, हिंसा करणार नाही, रोज निदान दोन तास समाजाचं काम करीन, त्याचा मोबदला मागणार नाही. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते चामडं कमावण्याच्या रंगात बुडवले, तो विटकरी लाल रंगच त्यांचा गणवेश झाला. आपल्याकडची वर्तमानपत्रं त्यांना 'लाल डगलेवाले' म्हणायची.

यातली शेवटची दोन कलमं कुणीही पाळेल हो. पण पठाणाने सूड सोडायचा म्हणजे स्वतःच्या गावात 'भेकड' म्हणवून घ्यायची तयारी ठेवायची. माझ्या मते खरी कसोटी तीच होती. इंग्रजांच्या गोळ्या नंतरच्या.

त्या आल्याच. २३ एप्रिल १९३० ला बादशहाखानांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात लोक जमले. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, माणसं चिरडली गेली. लोक भडकले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. एक गाडी जाळली गेली, एक लष्करी मोटारसायकलस्वार मारला गेला. त्यानंतर मात्र गोळीबार बराच वेळ चालला, आणि साक्षीदारांनी सांगितलं ते असं की पुढचे पडले की मागचे छाती उघडी करून पुढे येत होते. मेलेल्यांच्या सरकारी आणि लोकांच्या आकड्यांत प्रचंड तफावत आहे. विठ्ठलभाई पटेलांच्या समितीने चौकशी केली, तर सरकारने तिच्या अहवालावरच बंदी घातली!

त्याच धामधुमीत गढवाल रायफल्सच्या हवालदार चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नि:शस्त्र लोकांवर शस्त्र चालवायला नकार दिला. शिपाई हिंदू, समोरची गर्दी मुसलमान. कोर्टमार्शल झालं, चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, १९४१ मध्ये ते सुटले. आता गंमत बघा. पुढे गांधीजींना एका फ्रेंच पत्रकाराने याबद्दल विचारलं, तर त्यांनी गढवाल्यांची पाठ थोपटली नाही. शपथ घेतलेल्या सैनिकाने हुकूम मोडणं त्यांना मान्य नव्हतं. मला हे अजूनही पटत नाही. समोरच्याचं मन बदलावं म्हणून छाती पुढे करायची, आणि बंदूकधाऱ्याचं मन खरंच बदललं तर त्याला शिस्त शिकवायची?

पण १९३८ मध्ये सरहद्दीवर गेले तेव्हा गांधीजी बोलले ते पटतं. खुदाई खिदमतगारांना त्यांनी साधारण असं सांगितलं की शस्त्र टाकल्याने तुम्हाला जास्त बळ आल्यासारखं वाटत नसेल, तर सरळ पुन्हा शस्त्र घ्या. वादविवाद स्पर्धेतल्या त्या काडीपैलवानाला हा मुद्दा कुणी सांगायला हवा होता.

आपल्या महाराष्ट्राशीही या माणसाचा संबंध आहे. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांना स्वतःच्या प्रांतात पाय ठेवायला बंदी होती, म्हणून ते वर्ध्याला राहिले. त्याच वर्षी मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली, तीही वर्ध्यातूनच.

फाळणीने त्यांचं सगळंच हिरावून घेतलं. काँग्रेसने फाळणी मान्य केली, आणि पाकिस्तानला ते गद्दार वाटले. १२ ऑगस्ट १९४८ ला चारसद्द्याजवळच्या बाब्रा इथे खुदाई खिदमतगारांवर पुन्हा गोळ्या चालल्या, या वेळी स्वतंत्र पाकिस्तानच्या. संघटनेवर बंदी आली. बादशहाखान इंग्रजांच्या तुरुंगातून सुटले होते ते पाकिस्तानच्या तुरुंगात गेले.

२० जानेवारी १९८८ ला पेशावरमध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन अफगाणिस्तानात जलालाबादला झालं. तिथे तेव्हा सोव्हिएत फौजा आणि मुजाहिदीन यांचं युद्ध पेटलेलं होतं. अंत्ययात्रेपुरती बंदुका थांबवायचं ठरलं, सीमा ओलांडून हजारो लोक गेले. तरीही तिथे बॉम्ब फुटलेच, आणि त्यांना निरोप द्यायला आलेली माणसं मेली.