घनफुटाच्या भावाने



कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्याकडे यात्रेच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. या वेळी आम्ही शंखेश्वर, पाटण, महुडी आणि शेवटी अहमदाबाद असा बेत केला होता. मी, आमचे हे, मुलगा आणि सून. खाखरे, सुकी भाजी आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास एवढी माझी तयारी. सूनबाईंनी मात्र एक वेगळीच सोय करून ठेवली होती. गांधीनगरहून महुडीला जाताना वाटेत पेथापूर लागतं. कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरणारी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांपैकी एका कारागिराकडे तिने तीन तास ठरवले होते. नुसतं बघायचं नाही, बैठक मारून स्वतः कोरायचं.

मी म्हटलं, "या वयात आता पटाशी धरू?" तर म्हणाली, "मम्मी, तुम्ही गहुली एवढी बारीक काढता, तुम्हालाच जमेल." गहुलीचं नाव काढल्यावर मी काय बोलणार!

कारागीरकाका सत्तरीचे. त्यांनी सागाचा तळहाताएवढा तुकडा पुढे ठेवला. तो दगडावर वाळू आणि पाणी घालून घासून इतका सपाट केला होता की बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. त्यावर पांढरा हात दिलेला, म्हणजे नक्षीची रेघ स्पष्ट दिसते. आठ पाकळ्यांचं एक साधं फूल त्यांनी कागदावरून उतरवून दिलं. ठशावर नक्षी उलटी कोरावी लागते, आरशात दिसावी तशी. फूल होतं म्हणून मी वाचले. अक्षर असतं तर माझं काही खरं नव्हतं.

हत्यारं एका लाकडी पेटीत रांगेने मांडलेली. किती प्रकारच्या पटाश्या! काहींची टोकं सुईसारखी, काहींची नखासारखी वळलेली. भोक पाडायला दोरीने फिरणारा सामता, आपल्याकडचे जुने सुतार वापरायचे तसाच. आधी रेघेच्या बाहेरचं लाकूड थोडं थोडं काढायचं, मग खोल जायचं. पाकळी उरते ती आपण न काढलेली. "बेन, काढलेलं परत लागत नाही, म्हणून हात मागे ठेवा," काका गुजरातीत म्हणाले. मी हात मागे ठेवला, तरी तिसऱ्या पाकळीचं टोक उडालंच. तीन तासांत माझ्या चार पाकळ्या झाल्या. उरलेल्या चार त्यांनी माझ्याशी बोलता बोलता पुऱ्या केल्या, चहा गार व्हायच्या आत.

मोठ्या ठशांना आरपार बारीक भोकं ठेवतात, म्हणजे अडकलेली हवा आणि जास्तीचा रंग निघून जातो. ठसा झाला की तेलात मुरवतात, नाहीतर पाण्याने आणि रंगाने लाकूड तडकतं. एका नक्षीला एकच ठसा पुरत नाही. रेघेचा वेगळा, आतल्या भरणीचा वेगळा, जमिनीच्या रंगाचा वेगळा. आपण कौतुकाने नेसतो त्या अजरखच्या साड्यांचे कितीतरी ठसे इथूनच कच्छला जातात. एके काळी पेथापूरच्या ठशांवर छापलेलं 'सौदागिरी' कापड जहाजाने सियामला, म्हणजे आजच्या थायलंडला जात असे. गाव एवढंसं, पण तिथली नक्षी समुद्रापार गेलेली.

माझं मन मात्र दोन दिवस मागे, पाटणला गेलं होतं.

पाटणला आम्ही वाडी पार्श्वनाथाचं दर्शन घेतलं होतं. हे मंदिर १५९४ ते १५९६ या काळातलं, अकबर बादशहाच्या राज्यातलं. तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे, कारण त्यात खरतरगच्छाच्या आचार्यांची परंपराच दिली आहे. या मंदिराचा मंडप सागाचा होता. वर कोरीव घुमट, त्यात आठ दिशांचे दिक्पाल, वाद्यं वाजवणारे, नाचणारे. बर्जेस आणि कझिन्स या ब्रिटिश अभ्यासकांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंवर १९०३ साली जो ग्रंथ काढला, त्यात त्याची नोंद आहे. आज प्रभू पाटणातच आहेत, पूजा तिथेच होते. मंडप मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये आहे. रॉबर्ट आणि लॉकवूड डी फॉरेस्ट या दोघा भावांनी तो १९१६ साली म्यूझियमला भेट दिला. माझी भाची अमेरिकेत असते, तिने तिथून फोटो पाठवला होता. घुमटाखाली उभी राहून वर बघत होती. मी तिला विचारलं, "चपला काढल्या होत्यास का गं?" ती हसली.

हा लॉकवूड डी फॉरेस्ट कोण? अमेरिकन चित्रकार आणि सजावटकार. १८८१ साली लग्नानंतरच्या प्रवासात तो बायकोबरोबर हिंदुस्थानात आला आणि अहमदाबादच्या पोळांमधलं कोरीवकाम बघून थक्क झाला. अहमदाबादची जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. खांब, दारं, झरोके, छज्जा तोलणारे हस्त, सगळं कोरलेलं. काही घरांत तर आतल्या खोलीत अख्खं घर देरासर लाकडात. त्याच वर्षी त्याने अहमदाबाद वुडकार्व्हिंग कंपनी सुरू केली. त्याचे भागीदार होते मगनभाई हठीसिंग, आपल्याच समाजातल्या हठीसिंग घराण्यातले. कारागीर अहमदाबादचे आणि माल जायचा अमेरिकेला. न्यूयॉर्कला दहाव्या रस्त्यावर डी फॉरेस्टचं स्वतःचं घर आहे, १८८७ सालचं. त्याचा कोरीव सागाचा झरोका अजून रस्त्यावर डोकावतो. पोलादसम्राट अँड्रयू कार्नेगीच्या वाड्यातली वाचनाची खोलीही त्याने सागाच्या नक्षीने सजवली. १८८५ साली त्याने हिंदुस्थानी घरांच्या रचनेवर पुस्तकही काढलं.

हठीसिंग म्हटलं की आपल्याला अहमदाबादचं दिल्ली दरवाज्याबाहेरचं धर्मनाथ प्रभूंचं देरासर आठवतं. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी ते बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायच्या आत ते गेले. मागे राहिलेल्या हरकुंवर शेठाणींनी काम हातात घेतलं आणि १८४८ साली प्रतिष्ठा करून दाखवली. बावन्न देवकुलिकांचं एवढं मोठं काम! हिशेब, माणसं, दगड, महाराज साहेबांचे मुहूर्त, सगळं त्या बाईंनी सांभाळलं. त्यांच्या नावाची हवेलीही अहमदाबादेत आहे, लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेली.

आता तुम्ही विचाराल, देरासर दगडाचं आणि घर लाकडाचं, असं का? त्याची एक जुनी कथा प्रबंधांत सांगितली आहे. सिद्धराज आणि कुमारपाळ यांच्या काळातले मंत्री उदयन शत्रुंजयावर दर्शनाला गेले. तेव्हा दादांचं मंदिर लाकडाचं होतं. पूजा चालू असताना एका उंदराने दिव्याची पेटती वात तोंडात धरून बिळाकडे नेली. मंत्र्यांच्या काळजात धस्स झालं. एका वातीने सगळं तीर्थ जळून जाईल! त्यांनी मंदिर पाषाणाचं करण्याचा नियम घेतला, पण लढाईत ते कामी आले. मुलगा बाहड याने पित्याचा नियम पुरा केला. बाराव्या शतकाच्या मध्यावरची ही गोष्ट. तेव्हापासून जीर्णोद्धार म्हणजे लाकूड काढून दगड घालणं, हे आपल्या मनात बसलं आहे. त्यात भक्तीच आहे. पण काढलेल्या लाकडाचं काय करायचं, याचा नियम कोणी घेतला नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते. वंदित्तु म्हणताना आपण पंधरा कर्मादानांची आलोचना करतो. त्यात वनकर्म आहे. जंगल तोडून पोट भरायचा धंदा श्रावकाने करू नये, असा बोध आहे. म्हणून आपण करवून घेणारे झालो, कोरणारे झालो नाही. पैसा आपला, भाव आपला आणि हात सुतारांचे, मिस्त्रींचे. पेथापूरला पटाशी हातात धरेपर्यंत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. साठी ओलांडेपर्यंत मी कोरीवकाम फक्त समोरून पाहिलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. टाळत होते.

आमच्या येवल्याच्या जुन्या घरात सागाचं घर देरासर होतं. चार खांब, वर घुमटी. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आजेसासऱ्यांनी गुजरातेतून कारागीर आणले होते. १९९३ साली घर पाडून नवं बांधायचं ठरलं. प्रतिमाजी आम्ही विधीपूर्वक गावातल्या देरासरात पधरावली. त्यात कसूर केली नाही. लाकूड उरलं. हिशेब माझ्याकडे असायचा. मी बी.कॉम. झालेली, घरात त्याचा मान होता. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, त्याने टेप लावली, घनफूट काढले. वर म्हणाला, "वहिनी, कोरलेलं लाकूड आहे, त्यातून फळी निघत नाही, म्हणून भाव थोडा कमी." मी घासाघीस करून पाचशे वाढवले. ६,५०० रुपये. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. वहीत लिहिलं, 'जुनं सागवान विक्री', आणि खाली तोल मिळवला.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. टेम्पो गेला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चोविहाराआधी फक्त पाणी प्यायल्या, जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज भूक नाही." मी त्यांना उपवासाचं पच्चक्खाण घेतलंत का, असंही विचारलं. त्या हसल्या.

त्या घुमटीच्या आत पाकळ्यांची तीन वर्तुळं होती. सामायिकात मन भरकटलं की मी त्या मोजायची. बाहेर चोवीस, मग सोळा, आत आठ. एकूण अठ्ठेचाळीस, सामायिकाच्या मिनिटांइतक्या. पेथापूरला चार पाकळ्यांना तीन तास लागले, तेही एकीचं टोक उडवून, तेव्हा मला त्या अठ्ठेचाळीस आठवल्या. शिवाय खांबांवरच्या वेली, हंस, कळस. कोणीतरी माणूस येवल्यात महिनोन्‌महिने बसून ते करत होता. कॉलेजात मूल्य आणि किंमत यांतला फरक मी पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. आणि घरात त्या माणसाच्या हाताची किंमत मी उणे धरली, कारण फळी निघत नव्हती!

पाटणचा मंडप परदेशी गेला याचं आपल्याला वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण तो निदान उभा आहे. त्याच्यावर पाटी आहे, त्याच्या खाली माझी भाची उभी राहू शकते. आमची घुमटी कुठे गेली ते मी सांगू शकत नाही. कुणाच्या दाराची चौकट झाली असेल, नाहीतर बंब तापवला असेल. डी फॉरेस्टला नावं ठेवण्याआधी माझ्या वहीचं ते पान माझ्यासमोर येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, हात जोडून एक विनंती. जुनं घर पाडायची वेळ सगळ्यांवर येते. वाळवी लागते, भाऊ वाटण्या करतात, मुलांना लिफ्ट हवी असते, ते काही चुकीचं नाही. पण कोरलेलं लाकूड दाराबाहेर जायच्या आधी थोडं थांबा. चारही बाजूंनी फोटो काढा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कोणी केलं, कुठून आले होते, कधी. वहीत लिहा. संघाला विचारा, नातेवाइकांना विचारा, जवळच्या संग्रहालयाला एक पत्र टाका. एक खांब जरी ठेवता आला तर ठेवा. आणि ओट्यावर बसलेल्या सासूबाईंना विचारा. त्या नाही बोलल्या, तर दुसऱ्यांदा विचारा.

माझा ठसा आता तेलात मुरून तयार झाला आहे. तिसऱ्या पाकळीचं टोक नाही. त्याने मी पोथी बांधायच्या मलमलीवर फुलं छापली आणि प्रत्येक फुलात ते टोक नाही. सून म्हणते छान दिसतं.

येवल्याहून आणलेल्या वह्यांत १९९३ची वही सापडली. त्या विक्रीच्या नोंदीसमोर मी पेन्सिलीने लिहून ठेवलं, पाकळ्या २४, १६, ८. खाली कारागिराचं नाव लिहायला जागा सोडली. ते सांगू शकणारं माणूस २००४ साली गेलं. त्या वर्षीच्या संवत्सरीला मी त्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं होतं, नेहमीसारखं, सगळ्यांना म्हणतो तसं. या एका गोष्टीसाठी म्हणायचं राहून गेलं. ते आज इथे म्हणते.