नामदार गोखले : एका शिक्षकाचे राजकारण

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत, एवढे आपली मुलेही सांगू शकतील. परंतु हा थोर पुरुष अठरा वर्षे शिक्षक होता आणि त्याच्या राजकारणाचा गाभा शिक्षण हाच होता, ही गोष्ट काहीशी विस्मृतीत गेली आहे. या लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. बालपण कागल येथे गेले. १८७९ साली वडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत संसार चालवणाऱ्या त्या भावाचे नाव इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिलेले नाही. पण तो नसता तर नामदार गोखलेही झाले नसते.

१८८४ साली पदवीधर झाल्यावर सरकारी नोकरीचा मोह टाळून गोपाळराव पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येई तो ते तयारी करून शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून लोकप्रिय झाले. १९०२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा तीस रुपये होते.

न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी आकडे वाचण्याची विद्या आत्मसात केली होती. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण करताना ती कामी आली. तिजोरीतील शिल्लक हे राज्याच्या भरभराटीचे लक्षण नसून गरीब रयतेवर गरजेपेक्षा अधिक कर बसल्याची ती खूण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मिठावरील कराविरुद्ध ते सतत बोलत राहिले. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०७ पर्यंत टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले.

तथापि त्यांच्या मनात घर करून राहिलेला प्रश्न निराळाच होता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातील मागणी अत्यंत माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा स्थानिक संस्थांना असावी. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी प्राप्ती असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये. आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा, इतकेच त्यांचे म्हणणे होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच राज्यभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. जे एका संस्थानिकास साधले ते साम्राज्यास का साधू नये, या प्रश्नाला सरकारपाशी समाधानकारक उत्तर नव्हते.

१९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक नामंजूर झाले. विरोधात सरकारी अधिकारी होते, तसे काही हिंदी सभासदही होते, ही गोष्ट आपण प्रामाणिकपणे ध्यानी ठेवली पाहिजे. पराभव होणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या वेळी काढले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

पेरलेले बी मात्र वाया गेले नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९५० च्या राज्यघटनेने ते ध्येय मान्य केले, २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर नव्याण्णव वर्षे लोटली होती!

कायदा झाला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. आपल्या मुलांच्या गुणांचे कौतुक आपण अवश्य करावे. परंतु आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल शाळेत जाते की नाही, याचीही चौकशी करावी. गोविंदरावांचे आठ रुपये ज्या घरातून निघाले ते श्रीमंताचे घर नव्हते. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने एका मुलाचा भार वाहिला, तरी त्या थोर शिक्षकाचे ऋण अंशतः फिटेल.