हॉर्न वाजवू नका, पण ऐकू आलाच पाहिजे!

पोटासाठी ट्रक किंवा टॅक्सी चालवायची तर आरटीओत डॉक्टरी दाखला लागतो, फॉर्म १-अ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला हा कागद डॉक्टरांना विचारतो, नेहमीचे आवाजी इशारे ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का? आवाजी इशारा म्हणजे मुख्यतः हॉर्नच. माझ्या दाखल्यावर कान न तपासताच सही झाली होती!

अमेरिकेत निदान मोजमाप आहे. १९७१ पासून तिथल्या ट्रकचालकाला पाच फुटांवरची कुजबुज ऐकू यावी लागते, नाहीतर मशीनवर कान तपासतात. तिथेही फेब्रुवारी २०१३ मध्ये ४० कर्णबधिरांना या अटीतून सूट मिळाली.

आपल्याकडे २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, कर्णबधिर माणूस चाचणी पास झाला तर त्याला परवाना द्या. २०१६ मध्ये एम्सच्या डॉक्टरांचं मत घेऊन केंद्रानेही राज्यांना तसं कळवलं. गाडी चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम, असं ते मत.

त्याआधी २०१५ मध्ये आपल्याच राज्याने ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद केलं होतं. का, तर गोंगाट फार.

म्हणजे हॉर्न वाजवू नका म्हणायचं आणि तो ऐकू येत नाही म्हणून एखाद्याची रोजीरोटी अडवायची! काचा लावून मोठ्याने गाणी ऐकणाऱ्याचा कान कोण तपासतो?

ओळखीत कुणी कर्णबधिर असेल तर त्याला हे नक्की सांगा. खिडकीवरून परत फिरू नका म्हणावं.