भाकीत जुळले, पण कण टिकला नाही

१९६४ साली मरे गेल-मान यांनी जेमतेम दोन पानांच्या शोधनिबंधात क्वार्कची कल्पना मांडली. तीन क्वार्कांचा बॅरिऑन आणि क्वार्क-प्रतिक्वार्कांचा मेसॉन ही आज पाठ्यपुस्तकांत शिकवली जाणारी वर्गवारी त्यात आहेच. पण चार किंवा पाच घटकांच्या कणांची शक्यताही तिथेच नोंदलेली आहे. असे कण निर्विवादपणे हाती येण्यास मात्र जवळपास पन्नास वर्षे लागली.

या वाटेवर एक मोठा चकवा लागला. १९९७ मध्ये दियाकोनोव्ह, पेत्रोव्ह आणि पोल्याकोव्ह यांनी एका प्रारूपाच्या आधारे सुमारे १५३० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट वस्तुमानाच्या पेंटाक्वार्कचे भाकीत केले. २००३ मध्ये जपानच्या स्प्रिंग-८ येथील प्रयोगात १५४० च्या आसपास तसा उंचवटा दिसला. अमेरिकेच्या जेफरसन प्रयोगशाळेनेही दुजोरा दिला. पुढे याच प्रयोगशाळेने कितीतरी अधिक नोंदी जमवल्या, तेव्हा तो उंचवटा नाहीसा झाला. २०१५ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाला सापडलेले पेंटाक्वार्क वेगळेच होते. त्यांत चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क होता.

दुसरे भाकीत संथपणे फळाला आले. दोन जड क्वार्क आणि दोन हलके प्रतिक्वार्क यांचा टेट्राक्वार्क, जड क्वार्क पुरेसे जड असल्यास, प्रबळ बलाने फुटणार नाही, असे १९८२ मध्ये मांडले गेले. २०२१ मध्ये एलएचसीबीने दोन चार्म क्वार्क असलेला असा कण जाहीर केला. तो बराच काळ टिकतो, परंतु पूर्ण स्थिर नाही. त्यासाठी चार्म पुरेसा जड नाही.

म्हणून लक्ष त्याहून जड अशा बॉटम क्वार्ककडे वळते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परीक्षित जुन्नरकर व नीलमणी माथुर यांनी एम. पद्मनाथ यांच्यासह २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संगणकीय गणितानुसार दोन बॉटम क्वार्कांचा टेट्राक्वार्क सुमारे १४३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने बांधलेला असावा. हे गणित एखाद्या प्रारूपावर नव्हे, तर प्रबळ बलाच्या मूळ समीकरणांवर उभे आहे. इतर देशांतील गटांच्या स्वतंत्र गणितांत आकडा वेगळा येतो. कण बद्ध आहे, हा निष्कर्ष मात्र तोच राहतो.

हा कण अद्याप दिसलेला नाही. तो दिसल्याची बातमी येईल, तेव्हा आकडा जुळतो का याबरोबरच नोंदी किती आहेत आणि दुसऱ्या प्रयोगात तो टिकतो का, हेही विचारावे लागेल.