बाबासाहेबांची वकिली

बाबासाहेबांनी घटना लिहिली हे आपल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण ते पोटापाण्यासाठी वकिली करीत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

१९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. सनदेपुरताही पैसा जवळ नव्हता. नवल भथेना या पारशी मित्राने हात दिला आणि जुलै १९२३ पासून मुंबई हायकोर्टात काम सुरू झाले. अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर कचरत. म्हणून अपिले आणि जिल्ह्याची कोर्टे, हाच आधार. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गोरगरीब गाऱ्हाणी घेऊन येत. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांना त्यांनी निर्दोष सोडवून आणले.

खरी कसोटी महाडची. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यालो, हे आपण दरसाल सांगतो. पुढचे सांगत नाही. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला, मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी तो पाळला आणि लढा कोर्टात नेला. तळे नगरपालिकेचे, अस्पृश्यांना बंदी घालणारी पुरातन रूढी विरोधकांना सिद्ध करता आली नाही. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

आम्ही गिरणीवाल्यांनी कोर्टाच्या तारखा मोजल्यात. तारखेला कंटाळून कागद सोडला की हक्क गेलाच म्हणून समजा. बंधू-भगिनींनो, घरातला एक तरी मुलगा वा मुलगी कायदा शिकू द्या.

जयभीम!